कोअर मेमरी हाताने ओवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. जुन्या कॉम्प्युटरच्या कोअर मेमरीचा एक फोटो तुम्ही पाहिलात. तारांच्या जाळीवर हजारो बारीक कडी बसवलेली होती आणि खाली लिहिलं होतं की हे सगळं बायका हाताने 'विणत'. तुम्हाला विचारायचंय की हे खरंच हाताने व्हायचं का, कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांना याचं यंत्र का करता आलं नाही, आणि तुम्ही स्वतः घरी १६ × १६ चं एक प्लेन, म्हणजे कोअर ओवलेली एक सपाट जाळी, करायला घेतलंत तर जमेल का.

मी १९७१ पासून आठ-नऊ वर्षं मुंबईत कोअर मेमरीच्या मशिनची देखभाल केली. निवृत्तीनंतर गेली दहा-बारा वर्षं पॉलिटेक्निकच्या मुलांना घेऊन छोटी छोटी प्लेन ओवतो. त्यामुळे दुरुस्तीच्या टेबलावर जे दिसलं आणि स्वतःच्या बोटांना जे कळलं, त्यावरून उत्तर देतो.

'हाताने की यंत्राने' असा सरळ प्रश्न विचारला की उत्तर फसवं येतं. दोन्ही खरं आहे. कोणत्या वर्षाची मेमरी, कोअर किती बारीक, तारा तीन की चार, यावर ते ठरतं. विचारायचं असं: एका कोअरमधून जाणाऱ्या चार तारांपैकी कोणत्या तारेला हात लागायचाच, आणि का? याचं उत्तर मिळालं की घरी करताना कुठे अडेल तेही तुमचं तुम्हाला दिसेल.

त्यासाठी मेमरी कशी चालते ते थोडं बघावं लागेल. कोअर म्हणजे फेराइटचं बारीक कडं. त्यातून तार घालून पुरेसा प्रवाह सोडला की ते एका दिशेने चुंबकित होतं, प्रवाह उलटा सोडला की उलट्या दिशेने. एक दिशा म्हणजे १, दुसरी म्हणजे ०. प्रवाह थांबला तरी दिशा तशीच राहते, म्हणून वीज गेली तरी साठवलेलं जात नाही. या फेराइटचा सगळ्यात मोलाचा गुण असा की ते अर्ध्या प्रवाहाला दाद देत नाही. पूर्ण प्रवाह मिळाला तर कडं झटक्यात उलटतं, अर्धा मिळाला तर जागचं हलत नाही. मग एका आडव्या तारेत अर्धा आणि एका उभ्या तारेत अर्धा प्रवाह सोडायचा. त्या दोन जिथे एकमेकींना छेदतात तिथल्या एकट्या कोअरला पूर्ण प्रवाह मिळतो, बाकीच्या जागच्या जागी राहतात. ६४ आडव्या आणि ६४ उभ्या, म्हणजे फक्त १२८ तारांनी ४,०९६ कोअरमधली हवी ती एक गाठता येते. एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांनी ही कल्पना मांडली, आणि १९५३ मध्ये व्हर्लविंड या कॉम्प्युटरला ३२ × ३२ च्या प्लेनची मेमरी बसली.

या झाल्या दोन तारा. वाचायचं कसं? कोअरला ० कडे ढकलायचं. ती आधीच ० असेल तर फारसं काही होत नाही. १ असेल तर उलटते, आणि उलटताना तिसऱ्या तारेत काही मिलिव्होल्टचा छोटासा झटका उमटतो. ही सेन्स वायर, प्लेनमधल्या सगळ्या कोअरमधून जाणारी एकच तार. म्हणजे वाचलं की पुसलं, आणि लगेच पुन्हा लिहावं लागतं. वाचून परत लिहिण्याची ही युक्ती ॲन वँग यांची, त्यांचा पेटंटचा अर्ज १९४९ चा. चौथी तार इनहिबिट वायर. मेमरीत अशी अनेक प्लेन एकावर एक रचलेली असतात, शब्दाच्या (एकत्र लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या बिटांच्या गटाच्या) प्रत्येक बिटाला एक. आडव्या-उभ्या तारा या सगळ्या प्लेनना सामाईक असतात, त्यामुळे लिहिताना प्रत्येक प्लेनमध्ये १ च लिहिला गेला असता. ज्या प्लेनमध्ये ० ठेवायचा तिथे इनहिबिट वायरमधून उलटा अर्धा प्रवाह सोडून कोअरला थोपवून धरतात.

आता बनवण्याकडे येऊ. कोअर तयार करणं हे हाताचं काम कधीच नव्हतं. लोखंड, मँगनीज, मॅग्नेशियम यांच्या ऑक्साइडची भुकटी औषधाच्या गोळ्या पाडणाऱ्या प्रेसमध्ये दाबून कडी पाडत आणि भट्टीत भाजत. भाजताना कडं आकसतं, चिनी मातीच्या कपासारखं टणक आणि ठिसूळ होतं. सुरुवातीच्या कोअरचा बाहेरचा व्यास साधारण २ मिलिमीटर होता. पुढे तो सव्वा मिलिमीटर झाला, मग अर्धा, आणि सत्तरच्या दशकात ०.३३ मिलिमीटरपर्यंत उतरला. कागदावर ठेवली तर मिरपुडीचा कण वाटेल अशी वस्तू, आणि तिला भोक.

ओवण्याआधी प्रत्येक कोअर वेगळी तपासली जायची. नमुन्याला दहा काढून तपासल्या असं नाही, प्रत्येक. अर्ध्या प्रवाहाला हलणारी किंवा पूर्ण प्रवाहाला कुंथणारी एक कोअर चार हजारांत बसली, तर ती बाहेर काढायला सगळी जाळी सोडवावी लागते. हे काम स्वयंचलित यंत्रं करत आणि चांगलं करत.

मग कोअर मांडायच्या. खाचा पाडलेल्या पत्र्यावर मूठभर कोअर ओतायच्या, पत्रा थरथरवायचा, खालून हवा ओढून घ्यायची. एकेका खाचेत एकेक कोअर कडेवर उभी राहते. प्रत्येक कोअर ४५ अंशात कलती हवी, म्हणजे आडवी तारही तिच्यातून जाईल आणि उभीही. बहुतेक प्लेनमध्ये शेजारशेजारच्या कोअर एकमेकींच्या उलट कलत्या असतात. तुम्हाला फोटोत जी गोधडीसारखी नक्षी दिसली ती यामुळे. ती शोभेची नाही, त्याबद्दल पुढे बोलतो, कारण घरी करणाऱ्यांची पहिली चूक तिथेच होते.

आता तारा. आडवी तार एका ओळीतल्या ६४ कोअरमधून सरळ जाते, उभीही सरळ. सरळ रेषेत जाणारी गोष्ट यंत्राला जमते. आयबीएममध्ये इंजेक्शनच्या सुईसारख्या पोकळ नळ्या वापरल्या. नळी अख्ख्या ओळीतून आरपार सरकवायची, तिच्या पोटातून तार पुढे घालायची, मग नळी मागे ओढून घ्यायची, तार कोअरमध्ये राहते. ६४ × ६४ च्या एका प्लेनच्या आडव्या-उभ्या तारांना हाताने २५ तास लागत होते, ते काम यंत्राने १२ मिनिटांवर आलं. म्हणजे 'यंत्र का नव्हतं' याचं अर्धं उत्तर असं की यंत्र होतं, आणि पन्नासच्या दशकातच होतं.

मग हात कुठे उरला? सेन्स वायरवर. आणि तो का उरला, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

हिशेब करून बघा. ६४ × ६४ च्या प्लेनमध्ये एक कोअर निवडली की तिच्या आडव्या ओळीतल्या ६३ आणि उभ्या ओळीतल्या ६३, अशा १२६ कोअरना अर्धा प्रवाह मिळतो. त्या उलटत नाहीत हे खरं, पण किंचित डळमळतात, आणि प्रत्येकीच्या डळमळण्याचा बारीकसा झटका त्याच सेन्स वायरमध्ये उमटतो. सगळे झटके एकाच दिशेने जमले तर १२६ जणींच्या कुजबुजीत एकीचा आवाज ऐकू येणार नाही. यावर उपाय असा की सेन्स वायर निम्म्या कोअरमधून एका दिशेने आणि निम्म्यांतून उलट दिशेने न्यायची, म्हणजे हे झटके एकमेकांना मारून टाकतात. त्यासाठी ती तार सरळ जाऊन चालत नाही. जुन्या प्लेनमध्ये ती तिरपी जाते, काठाला पोचली की वळते, शेजारच्या तिरप्या ओळीतून परत येते, पुन्हा वळते, अशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. एकच अखंड तार, ४,०९६ भोकांतून, डझनावारी वळणं घेत. आणि हे सगळं तेव्हा करायचं जेव्हा प्रत्येक भोकात आधीच दोन तारा बसलेल्या आहेत.

पोकळ नळीला वळता येत नाही, आणि अर्ध्या भरलेल्या भोकात ती मावतही नाही. तिथे मायक्रोस्कोप, चिमटा आणि माणसाचा हात. तार पुढे घालताना ती कोअरच्या काठाला टेकली की मोकळी सरकतेय, हे बोटाला आधी कळतं, डोळ्याला नंतर.

पुढे साठच्या दशकात सेन्स आणि इनहिबिट ही दोन्ही कामं एकाच तारेवर आणली. वाचताना इनहिबिटचं काम नसतं आणि लिहिताना सेन्सचं, म्हणून हे चालतं. चार तारांच्या तीन झाल्या, त्यामुळे कोअर आणखी बारीक करता आली. पण वळणाची तार हाताखालीच राहिली.

म्हणून मी 'विणणे' हा शब्द इथे वापरत नाही. विणताना धागा एकदा वरून, एकदा खालून जातो आणि नक्षी त्या निवडीत असते. कोअर प्लेनमध्ये तार प्रत्येक कोअरमधून जातेच, एकही सोडायची नसते. हे ओवणं आहे, पोत ओवतात तसं, फक्त तीन-चार दिशांनी. खरोखर विणलेली मेमरी वेगळी होती: अपोलो यानांच्या कॉम्प्युटरमधली रोप मेमरी. तिथे प्रोग्राम कायमचा तारांमध्येच भरलेला असे. तार कोअरमधून गेली तर १, बाजूने गेली तर ०. प्रत्येक कोअरला १९२ सेन्स वायर लागू होत्या, म्हणजे १६ बिटांचे १२ शब्द. एका मोड्यूलमध्ये ५१२ कोअर, असे ६ मोड्यूल, मिळून ३६,८६४ शब्द. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थॅम इथे रेथिऑनच्या कारखान्यात हे काम चाले. पंच केलेल्या टेपवर चालणारं यंत्र नेमकं भोक समोर आणून ठेवायचं, आणि समोर बसलेली कामगार बाई तार असलेली सुई त्यातून पार करायची. पुढचं भोक, पुन्हा सुई. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलायची तर तार उसवावी लागे, त्यामुळे उड्डाणाच्या कितीतरी आधी सॉफ्टवेअर पक्कं करावं लागायचं. तुम्ही पाहिलेल्या फोटोखालचा 'विणत' हा शब्द बहुधा तिकडून इकडे आला असावा. दोन्ही वस्तूंना कोअरच म्हणतात, म्हणून ही गल्लत होते.

आता हाताच्या कामाचा एक प्रसंग सांगतो. सत्तरच्या दशकाच्या मध्याला आमच्याकडच्या एका मशिनला दुपारी पॅरिटीची चूक यायची, म्हणजे वाचलेला शब्द बिघडलाय असं मशीनच तपासून सांगायचं. सकाळी सगळं ठीक, दोन-अडीच वाजले की त्याच पत्त्यावर तोच बिट चुकायचा. फेराइट तापलं की कमी प्रवाहालाही हलायला लागतं. त्या खोलीतलं एसी दुपारी कमी पडायचं आणि एक कमजोर कोअर अर्ध्या प्रवाहानेच उलटायची. काही जुन्या मशिनमध्ये यासाठीच मेमरी मुद्दाम ठरावीक तापमानाला गरम ठेवत. आयबीएम ७०९० ची तर गरम तेलात बुडवलेली असे. आम्ही आधी प्रवाह जरा कमी करून बघितला. ती चूक गेली, पण दुसरीकडे नव्या चुका सुरू झाल्या. शेवटी स्टॅक, म्हणजे प्लेनची चळत, उघडला. पत्ता माहीत होता, बिट माहीत होता, म्हणजे प्लेन, ओळ आणि रांग ठरलेली. मायक्रोस्कोपखाली मोजत मोजत तिथे पोचलो तर त्या कोअरच्या काठाचा बारीकसा टवका उडालेला दिसला.

बदलायचं काम आमच्या विभागातल्या एका सिनिअर बाईंनी केलं. आधी त्यांनी खोलीतला पंखा बंद करायला लावला. शेजारच्या कोअरवर कागदाचे बारीक तुकडे सरकवले, चिमट्याच्या टोकाने ती खराब कोअर दाबून फोडली आणि तिचे कण एक एक करून उचलले. कण राहिला तर तो तारेचं इनॅमल (वरचा इन्सुलेशनचा पातळ लेप) खरवडतो, आणि महिन्याभराने नवीनच दुखणं सुरू होतं. आमचं मशीन तीन तारांचं होतं. आडव्या आणि उभ्या तारेचं जवळचं टोक डाग काढून सोडवलं आणि त्या जागेपर्यंत मागे ओढलं. सेन्स वायर चाळीसेक कोअरमधून मागे घ्यावी लागली. ती कोअर कोपऱ्याजवळ होती म्हणून हे शक्य झालं. प्लेनच्या मधोमध असती तर आम्ही प्लेनच बदललं असतं. मग नवी कोअर, तिचा कल शेजारणींशी जुळवून. तार परत घालण्याआधी त्यांनी नव्या तारेचा एक तुकडा दोन्ही टोकांना धरून सावकाश ताणला, ताणता ताणता तो किंचित लांबला आणि एकदम सरळ, ताठ झाला. टोक तिरपं कापलं. तशी तार सुईसारखी चालते, गुंडाळीवरची तशीच घेतली तर प्रत्येक भोकाशी वाकते. मी ती युक्ती त्या दिवशी शिकलो आणि आजही मुलांना तीच पहिल्यांदा शिकवतो. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी मशीन बिनचूक चाललं.

या बाईंमुळे मला 'बायकांची बोटं नाजूक असतात म्हणून त्यांना हे काम देत' हे स्पष्टीकरण पटत नाही, आणि ते तुम्ही जिथे वाचाल तिथे जपून घ्या असं मनापासून सांगतो. बोटं नाजूक असून भागत नाही. कुठल्या ओळीत तार कुठून वळते हे डोक्यात पक्कं लागतं, चूक झाली तर किती मागे जायचं याचा अंदाज लागतो, आणि सहाव्या तासालाही पहिल्या तासाइतकी नजर लागते. हे शिकलेलं कौशल्य आहे. अमेरिकेत शिवणकाम, कापड गिरण्या, घड्याळं अशा कामांतून आलेल्या बायकांकडे ते आधीच होतं. आणि त्यांना पुरुष तंत्रज्ञांपेक्षा मजुरी कमी द्यावी लागायची, हेही कारण होतंच. साठच्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकन कंपन्यांनी ओवण्याचं काम जपान, तैवान, हाँगकाँगकडे नेलं, ते का? यंत्र सुधारत बसण्यापेक्षा तिथल्या हातांची मजुरी स्वस्त पडत होती. म्हणजे तुमच्या 'यंत्र का नाही' या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. कोअर मेमरीची किंमत बिटामागे सुमारे एक डॉलरपासून सुमारे एक सेंटापर्यंत उतरली, त्यात बारीक कोअर आणि चांगली यंत्रं यांच्याइतकाच या हातांचा वाटा आहे. एवढं असून मेमरीच्या खोक्यावर त्यांच्यापैकी कुणाचंच नाव नसतं.

आकडे किती मोठे होते ते आपल्या इथल्या उदाहरणावरून बघा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफरॅक हा कॉम्प्युटर इथेच आखून इथेच बांधला. तो १९६० मध्ये पूर्ण कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. त्याची कोअर मेमरी होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. गुणाकार करा, ८१,९२० कोअर. संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा कॉम्प्युटर आला, ४८ बिटांचे ३२,७६८ शब्द, म्हणजे पंधरा लाखांहून जास्त कोअर. तुमच्या फोनमधल्या एका साध्या छायाचित्राला यापेक्षा जास्त जागा लागते. पण त्यातल्या प्रत्येक बिटाला स्वतःची अशी एक वस्तू होती आणि ती कुणीतरी ओवलेली होती. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही १,०२४ बिटांची चिप आली आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हे सगळं काम आटपलं. आजही प्रोग्राम कोसळला की त्या क्षणी मेमरीत जे होतं त्याच्या नोंदीला 'कोअर डंप' म्हणतात, त्यातली कोअर ही हीच.

आता तुमच्या १६ × १६ कडे. आतापर्यंतचं ध्यानात ठेवा: सरळ तारा सोप्या, वळणाची तार अवघड, आणि कोअर आधी तपासलेली हवी. यावरच तुमच्या कामाचा क्रम ठरतो.

पहिली अडचण कोअरची. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किंवा ऑनलाइन जे फेराइटचे छोटे टोरॉइड (कडी) मिळतात ते ट्रान्सफॉर्मरसाठी किंवा गोंगाट गाळण्यासाठी बनवलेले असतात. ते अर्ध्या प्रवाहाला अर्धे हलतात. दिसायला तसेच, पण मेमरीसाठी निरुपयोगी. माझ्याकडे दर वर्षी एक तरी मुलगा असा येतो ज्याने महिनाभर खपून अशा मण्यांचं प्लेन केलेलं असतं, आणि ते कधीच चालणार नसतं. तुम्हाला मेमरीसाठीच बनवलेल्या जुन्या कोअर लागतील. सोव्हिएत काळातल्या मशिनमधल्या सुट्या कोअर आणि अख्खी प्लेन अजून विकायला येतात. शक्य तर दीड-दोन मिलिमीटरच्या घ्या. एक कोअर घेऊन तिच्यातून दोन तारा घाला, एकीत प्रवाहाचा स्पंद द्या, दुसरीवर ऑसिलोस्कोप (विजेचे झटके पडद्यावर दाखवणारं उपकरण) लावा. प्रवाह हळूहळू वाढवत नेलात तर एका ठरावीक पातळीला झटका एकदम मोठा झाला पाहिजे, आणि त्याच्या निम्म्या प्रवाहाला जवळजवळ काहीच दिसता कामा नये. ही पातळी काहीशे मिलिअँपिअरमध्ये येईल, नेमकी किती ते कोअरवर अवलंबून. मग त्याच पातळीला उरलेल्या सगळ्या तपासा. २५६ हव्यात तर ३०० तपासा.

तारेची जाडी भोकावरून ठरवा. एकसारख्या चार गोल तारा एकत्र मावायला भोकाचा व्यास तारेच्या सुमारे २.४ पट लागतो, तोही तारा अगदी सरळ असतील तर. इथे तारा वेगवेगळ्या कोनांतून येतात, म्हणून मी भोकाच्या पाचव्या हिश्श्याहून जाड तार घेत नाही. जाडी इनॅमलसकट मोजा.

आता ती नक्षी. आडव्या आणि उभ्या तारेतले अर्धे-अर्धे प्रवाह कोअरमध्ये एकमेकांत मिळवले गेले पाहिजेत. कोअर उलट्या बाजूला कलली तर तेच प्रवाह एकमेकांतून वजा होतात आणि ती कोअर कधीच निवडली जात नाही. तुमच्या सगळ्या आडव्या तारांत प्रवाह एकाच दिशेने आणि सगळ्या उभ्यांतही एकाच दिशेने असेल तर सगळ्या कोअर एकसारख्या कलत्या ठेवा. दोन्हींत एकाआड एक दिशा बदलत असेल तर कोअरचा कलही बुद्धिबळाच्या पटासारखा बदलत जाईल. मोठ्या मशिनमध्ये दुसरी पद्धत जास्त दिसते. तुमच्या ड्रायव्हर सर्किटला, म्हणजे तारांत प्रवाह सोडणाऱ्या सर्किटला, कोणती सोयीची ते आधी ठरवा, कागदावर प्रत्येक तारेवर बाण काढा, आणि मगच पहिली कोअर ठेवा.

१६ × १६ ला तारा भोकातून किती वेळा जातात मोजा: आडव्या २५६, उभ्या २५६, सेन्स २५६ आणि इनहिबिट २५६, एकूण १,०२४. तीन तारांची पद्धत घेतलीत तर ७६८. पहिल्याच प्रयत्नाला हे जास्त आहे. माझ्या मुलांना पहिलं ८ × ८ करायलाही दोन रविवार लागतात, आणि त्यात एखादी तार तुटतेच. म्हणून ४ × ४ पासून सुरू करा. मध्ये खिडकी कापलेली एफआर-४ ची (सर्किट बोर्डाच्या फायबरच्या पत्र्याची) चौकट घ्या. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर कोअर उभ्या करा. आडव्या तारा घाला, डाग द्या, मल्टिमीटरने प्रत्येक तार सलग आहे आणि कुठली दोन भिडलेल्या नाहीत हे बघा. मग उभ्या, पुन्हा तीच तपासणी. या टप्प्यावर टेप काढून जाळी उजेडासमोर धरा आणि चांगला मोठा फोटो काढून स्क्रीनवर एकेक कोअरचा कल बघा. उलटी कललेली कोअर इथे सापडली तर दोन तारा सोडवून सरळ करता येते. सेन्स वायर पडल्यावर सापडली तर अर्धं प्लेन उसवावं लागतं.

सेन्स वायर सगळ्यात शेवटी, आणि तिच्यासाठी सकाळची वेळ राखून ठेवा. लांब तार एकदम ओढत नेऊ नका. एका ओळीतून पार झाली की तेवढी सैल ओढून घ्या, वळण चिमट्याने न दाबता बोटाने गोल ठेवा, आणि मग पुढच्या ओळीत घाला. दाबलेल्या वळणाशी इनॅमल तडकतं. तारेला पीळ बसतोय असं दिसलं तर थांबा, पीळ टोकापर्यंत सोडवून घ्या. पीळ तसाच ओढलात तर गाठ कोअरच्या भोकात जाऊन बसते आणि कोअर फुटते.

प्लेन पूर्ण झाल्यावर पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरला जोडायची घाई करू नका. एक आडवी, एक उभी तार निवडून एकाच कोअरवर लिहा-वाचा करा आणि सेन्स वायरवरचा झटका ऑसिलोस्कोपवर पाहा. १ चा झटका ० पेक्षा स्पष्ट वेगळा दिसला पाहिजे. मग सगळ्या कोअरमध्ये १ भरा आणि तीच कोअर पुन्हा वाचा. १६ × १६ मध्ये अर्ध्या प्रवाहाच्या ३० कोअर आता कुजबुजायला लागतात. आधीच्या झटक्यात आणि या झटक्यात फार फरक पडला, तर सेन्स वायर कुठेतरी एका ओळीत चुकीच्या दिशेने गेली आहे. कोणत्या ओळीत, ते प्रत्येक आडवी तार वेगळी चालवून बघितली की अर्ध्या तासात सापडतं.

कोअर हाती आल्या की त्यांचा बाहेरचा आणि आतला व्यास कळवा आणि तुमच्या ड्रायव्हरचं सर्किट पाठवा. तारेची जाडी आणि प्रवाहाची दिशा दोन्ही मी बघून देतो, पहिली तार घालायच्या आधी.